पेरणाऱ्या हाताचे नाव पट्टीवर यावे

हुबळी-धारवाडच्या धान्यव्यापाराची पाळेमुळे भोवतालच्या कोरडवाहू शेतीत आहेत. शिवार पिकले तर वखार भरते, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. 2023 साली कर्नाटकातील 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर झाले, तेव्हा ती झळ पेढीपर्यंत पोहोचलीच. पाऊस असाच लहरी राहणार असेल, तर त्यास तोंड देणारी शेती कोण करीत आहे, हे व्यापाऱ्यांनीही पाहावयास हवे.

उत्तर जवळच आहे. आपल्याच जिल्ह्यातील कुंदगोळ तालुक्यातील तीर्थ या गावच्या बीबी फातिमा महिला स्वसाहाय्य संघास 2025 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. या भगिनींनी राळे, सावा अशा मागे पडलेल्या धान्यांचे बियाणे जतन केले आणि ती सडण्याची यंत्रे सौरऊर्जेवर चालविली. ही पिके थोड्या पावसावर सुमारे तीन महिन्यांत हाती येतात. ती शिवारातून मागे हटली, त्याचे एक कारण असे, की त्यांचे टरफल काढण्याचे कष्ट घरच्या स्त्रियांवर पडत. स्त्रीचे कष्ट हलके झाले, की दुष्काळास पुरून उरणारे पीकही टिकते, हा यातील धडा होय.

परंतु श्रमाबरोबर हक्क आला पाहिजे. एकत्र हिंदू कुटुंबातील मुलींना वडिलार्जित मिळकतीत वाटा देणारा कायदा कर्नाटकाने 1994 सालीच केला. तरीही 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील शंभर वहिवाटदार शेतकऱ्यांमागे स्त्रिया जेमतेम चौदा आढळल्या. बियाणे निवडणारी ती, आणि हिशोबपट्टीवर नाव बहुधा पुरुषाचे! कोणी म्हणतील, पैसा अखेर एकाच घरात जातो. जातो खरा, पण पुढील साली कोणते बी पेरावयाचे, हे ज्याच्या हाती पैसा तोच ठरवितो.

उताऱ्यावरील नाव बदलणे आपल्या हाती नाही, पट्टीवरील आहे. म्हणून आमची सभासदांस विनंती आहे, की स्त्रीने वा महिला संघाने आणलेल्या मालाची पट्टी त्यांच्याच नावे करावी, रक्कम त्यांच्याच खात्यात विनाविलंब भरावी आणि राळे-साव्याचा थोडा माल आला तरी तो परत न पाठविता वेगळा मांडून योग्य भाव द्यावा. यात उपकार नाही; उद्याच्या मालाची ती आजची तजवीज आहे.