खराब झाली ती डिस्क, कम्प्युटर नव्हे

‘मशीन दहा वर्षं जुनं आहे सर, भंगारात द्या, नवीन घ्या.’ कम्प्युटर संथ झाला, अडकू लागला, आतून टक्‌टक् आवाज आला की आमच्या वस्तीतल्या पालकांना दुकानात हेच ऐकवलं जातं. याला मी सल्ला मानत नाही. ही विक्री आहे.

साधी गोष्ट पाहा. कम्प्युटरमध्ये झिजणारे, फिरणारे भाग मोजकेच: पंखे, सीडी ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क. डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. वर्षानुवर्षं फिरणारी वस्तू एक दिवस थकणारच. पण प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड धडधाकट असताना एका भागापायी सगळा संसार बाहेर फेकायचा? सायकलची ट्यूब फुटली म्हणून कोणी सायकल भंगारात घालत नाही. आपल्या घरांत याला फिजूलखर्ची म्हणतात.

दुखणं डिस्कचंच आहे का, हे पाहता येतं. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं. ‘रीअ‍ॅलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले. दुकानदाराला आधी हे दाखवायला सांगा.

मात्र नवी डिस्क आणण्याआधी जुनीतला ऐवज बाहेर काढा. आजारी डिस्कवर डीफ्रॅग किंवा चेकडिस्क चालवू नका, त्याने तिच्यावरचा ताण वाढतो. आधी सर्वांत मौल्यवान फाइली बाह्य डिस्कवर घ्या आणि त्या उघडून खात्री करा. टक्‌टक् आवाज येत असेल आणि आतलं काही गमावून चालणार नसेल, तर मशीन बंद करून जाणत्या माणसाकडे जा. डिस्कचं झाकण घरी उघडू नका.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून हा मुद्दा मला जास्त बोचतो. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, स्मरणिका इनपेजमध्ये आहेत; मराठी मजकूर श्रीलिपीत आहे. हे युनिकोड नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तर अक्षरांचा कचरा दिसतो. ‘नवीन घ्या’ म्हणणारा हे सांगत नाही. जुनं मशीन गेलं की त्या फाइली वाचण्याची सोयही जाते. म्हणून मशीन जगवा आणि ते चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवा.

बदल अवघड नाही. साटा जोडणी असलेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये त्याच केबलवर एसएसडी बसते. वीज काढा, कॅबिनेट उघडा, दोन जोडण्या बदला. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे मशीन पूर्वीपेक्षा चपळ चालतं.

एक आक्षेप रास्त आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि अनेक जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पण त्यावर उत्तर भंगार हे नव्हे. मुलांच्या अभ्यासाला लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका, दोन्ही मोफत आहेत आणि त्यांत उर्दू, मराठी दोन्ही लिहिता येतात. इनपेजसाठी जुनं विंडोज ठेवायचं असेल तर त्या मशीनला इंटरनेट जोडू नका. मदरबोर्डच गेला असेल, तर मात्र नवीन घ्या. मी हट्टाला पेटलेलो नाही.

शेवटी जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. ‘डिलीट’ केल्याने फाइल पुसली जात नाही. त्यात घरच्यांचे फोटो, आधारच्या प्रती, मुलांच्या गुणपत्रिका असतात. ती आपल्या माणसांची अमानत आहे. डिस्क मागून घ्या, ती चालत असेल तर पूर्ण पुसा, मगच ई-कचऱ्यात द्या. आणि पुढच्या वेळी कोणी ‘नवीन घ्या’ म्हणालं, तर एकच विचारा: ‘नेमका कोणता भाग गेलाय, दाखवा.’