नवोदयचा सराव कोणत्या भाषेत?

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न, १०० गुण आणि वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. ५० गुणांच्या मानसिक क्षमता चाचणीत आकृत्याच असतात, तिथं भाषा आडवी येत नाही. पोरं अडतात ती २५ गुणांच्या अंकगणितात. १०० रुपयांची वस्तू २० टक्क्यांनी महागली, मग २० टक्क्यांनी स्वस्त झाली, तर आता किंमत किती? घाईत उत्तर येतं १००. खरं उत्तर ९६, कारण दुसरे २० टक्के १२० वर मोजायचे. हे सूत्र घोकून जमत नाही, उदाहरण नीट वाचावं लागतं. म्हणून सीमाभागातल्या मराठी शाळांच्या पालकांनी अर्जात परीक्षेची भाषा विचार करून निवडावी आणि सरावही त्याच भाषेत घ्यावा. इंग्रजी गाईड आणि मराठी पेपर, या ओढाताणीत हातचे गुण जातात.