तलंगेला भादवा बघू द्या

आपल्या पाड्यावर कोंबडी नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही. पण घरच्या कोंबडीचे अंडे खाणारी घरे मोजा. बोटांवर मोजून होतील. मी याचा विचार केला. माझे मत असे झाले आहे की, आपण तलंगेला अंड्यावर येऊच देत नाही. तलंग म्हणजे अजून एकही अंडे न घातलेली कोंबडी. नर असला तर तो तलंगा.

आता हिशोब करा. माघात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, तर 21 दिवसांनी म्हणजे फाल्गुनात पिले निघतात. गावठी तलंग पहिले अंडे घालते सहाव्या-सातव्या महिन्यात. म्हणजे भादवा उजाडायला हवा. पण मध्येच येते आषाढी अमावास्या, आपली गटारी! तेव्हा तलंग असते जेमतेम पाच महिन्यांची. दिसायला भरलेली, चांगली जड. उद्यापासून श्रावण लागणार, म्हणून घरातले म्हणतात, "नुसते दाणे खाते, अंडं काय देत नाय. कापा हिला." पाच महिने दाणे घातले आणि एक-दोन महिन्यांसाठी सगळे घालवले. भात पोटरीला आला असता कोणी कापतो का?

काही जण म्हणतील, पोल्ट्रीतली कोंबडी तर लवकर अंडी देते. खरे आहे. पांढरी लेगहॉर्न 18 ते 20 आठवड्यांत अंड्यावर येते आणि वर्षाला 300 पर्यंत अंडी देते. पण तिला मोजून खाद्य लागते, रात्री दिव्याचा उजेड लागतो. आपली गावठी उकिरडा उकरून, किडे-वाळवी टिपून वाढते. ती वर्षाला 50-60 अंडी देते, तीही थांबून थांबून. दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसते. तरी दोन तलंगा राखल्या तर वर्षाला शंभर अंडी झाली. कापलेली तलंग एका जेवणात संपते.

वाट बघायची म्हणजे नुसते बसून राहायचे नाही. तलंग स्वतःच खुणा देते. तिचा फिका तुरा आणि चोचीखालचे लोंब लालभडक होतात. पाठीवर हात ठेवला की ती पळायची सोडून खाली दबून बसते. क्वॉक-क्वॉक करत कोपरे हुंगत फिरते. आजी मागची दोन हाडे चाचपते. मध्ये दोन-तीन बोटे मावली, तर म्हणते, "आली गो अंड्यावर!" मग टोपलीत पेंढा घालून ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. नाहीतर कोंबडी उडवीत नाहीतर करवंदीच्या जाळीत अंडी घालते, ती मुंगूस खातो, आणि आपण म्हणतो अंडी देत नाही!

अंड्याचे कवच चुन्याचे असते. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जाते. ते कोंबडी आणणार कुठून? आपल्या तालुक्याला अर्नाळ्यापासून वसईपर्यंत समुद्र आहे. तिसऱ्यांचे आणि कालवांचे शिंपले आपण फेकून देतो. ते भाजून, कुटून कोंबड्यांपुढे ठेवावेत. खर्च काहीच नाही.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत. एका आठवड्यात सगळे खुराडे रिकामे होते. म्हणून लोकांना वाटते, मरण्यापेक्षा कापलेली बरी. पण त्यावर लस आहे. पिलू पाच-सात दिवसांचे असताना डोळ्यात नाहीतर नाकात थेंब टाकतात आणि आठव्या आठवड्याला टोचतात. गुरांच्या दवाखान्यात विचारायला लाजू नये. चार घरांनी मिळून पिले एकाच दिवशी नेली तर एकच खेप पडेल.

हे सगळे मी का लिहिते? 2023 च्या नोव्हेंबरात सरकारने शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले. 2025 च्या जानेवारीत त्याचा निधी बंद केला आणि द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या असे सांगितले. मला हे पटत नाही. ज्या गावात लोकांकडे पैसे नाहीत, तिथेच मुलांना अंड्याची गरज जास्त असते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. सरकारने तो निधी पुन्हा द्यावा असे मला वाटते. पण तोपर्यंत आपल्या खुराड्यातले अंडे आपल्या ताटात यायला कोणाची मंजुरी लागत नाही.

सणाला कोंबडी करू नका असे मी म्हणत नाही. पाहुणा आला, नवस फेडायचा झाला, तर तलंगा आहे. खुराड्याला एक कोंबडा पुरतो, बाकीचे विका किंवा कापा. अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, तो फक्त पिलांसाठी लागतो. पण तलंगेला हात लावू नका. यंदाच्या गटारीला घरात एवढे तरी सांगून बघा. मोठी माणसे रागावतील. रागावू द्या. भादव्यात पहिले छोटेसे अंडे हातात ठेवले की तीच हसतील.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी