खरखरीत म्हणजे सुरक्षित?



‘न्हाणीघरात फरशी जितकी खरखरीत, तितकी बरी’ हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. खोल खाचांत साबणाचा साका बसतो. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियम साबणाशी मिळून तो चिकट थर तयार करते आणि मग खरखरीत फरशीवरूनही पाय सटकतो. घासायला अवघड फरशी हळूहळू निसरडी होते, हे पत्रात आलेच नाही.

दुकानदार फरशी न घसरण्याचे ‘आर-१०’, ‘आर-११’ असे आकडे सांगतो. ते ठरवणारी जर्मन चाचणी तेल ओतलेल्या उतारावर बूट घालून चालण्याची. आंघोळीला बूट घालून कोण जाते? अनवाणी पायांच्या, साबणपाण्यावरील चाचणीचे वर्ग वेगळे आहेत: ए, बी आणि सी. त्यांत अनुक्रमे १२, १८ आणि २४ अंशांच्या उतारावर पाय टिकावा लागतो. शॉवरखाली ‘बी’ वर्गाची, बारीक पोताची मॅट व्हिट्रिफाइड फरशी घ्यावी. ती अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, त्यामुळे डाग वरच राहतात. लहान तुकड्यांत जाळीकडे उतारही नीट काढता येतो. सांधे मात्र इपॉक्सीने भरावेत. सिमेंटचे काळे पडतात.

त्या पत्रातले शहाबादी फरशीचे कौतुक मान्य. पॉलिश न केलेली शहाबादी पायाला धरते. पण तो चुनखडीचा दगड! पत्रलेखकाने सफाईसाठी सुचवलेले ॲसिड त्याला खाते, सिमेंटच्या सांध्यांनाही. त्यापेक्षा थोडी डिटर्जंट पूड, ब्रश आणि आंघोळीनंतर पाणी ओढायला वायपर पुरतो.

– एक वाचक