कार्यकर्त्याची कमाई

सार्वजनिक कामाला ‘त्याग’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वस्तीतील मुलांचा अभ्यासवर्ग चालवणारा, रविवारी वाचनालयाचे दार उघडणारा, कुणा म्हातारीच्या रेशनकार्डासाठी तहसील कचेरीत खेटे घालणारा कार्यकर्ता त्यागी ठरवला जातो. हा शब्द आता आपण टाकून द्यावा. त्यागाच्या भाषेत एक दाता असतो आणि दुसरा उपकृत. आणि अशा उतरंडीशीच तर आपले भांडण आहे.

खरे पाहता कार्यकर्ता जितके देतो त्याहून अधिक मिळवतो, आणि ते मान्य करण्यात संकोच कसला? त्याची पहिली कमाई ज्ञानाची. डॉ. बाबा आढाव यांनी १९७२ मध्ये ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम सुरू केली. गावाच्या विहिरीवर दलितांना पाणी भरता येते का, हा साधा प्रश्न घेऊन कार्यकर्ते गावोगाव फिरले. संविधानाने १९५० मध्येच रद्द केलेली अस्पृश्यता पाणवठ्यावर शाबूत होती. कायदा आणि गाव यांतील हे अंतर ग्रंथालयात बसून मोजता येत नाही. ते पायीच मोजावे लागते.

दुसरी कमाई निर्भयतेची. एकट्याला आपले दुःख नशिबाचे वाटते. शेजारच्या दहा घरांत तेच दुःख दिसले की त्याचा अर्ज होतो, आणि अर्जाची दखल घेतली नाही तर मोर्चा. ‘आपल्या हातून काय होणार’ ही मध्यमवर्गीय हताशा गल्लीतले एखादे लहानसे काम तडीला नेले तरी ओसरू लागते.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. सेवेचे समाधान हे वेतनाला पर्याय नव्हे. १९७५ पासून अंगणवाडी सेविका आणि २००५ पासून आशा कार्यकर्त्या बालकांचा आहार, लसीकरण, बाळंतपण असा भार वाहत आल्या आहेत. शासन मात्र त्यांच्या कामाला ‘मानसेवी’ आणि मोबदल्याला ‘मानधन’ म्हणत आले. अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा मान्य झाला तो २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. ज्या बाईची चूल या कामावर पेटते, तिला समाधानाची पावती देणे ही शुद्ध फसवणूक आहे.

स्वेच्छेने काम करायला मोकळा वेळ लागतो, आणि तो वेळही कुणी फुकट दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील प्रयत्नांतून. म्हणून साथींनो, लढून मिळालेल्या या रविवारातले दोन तास आपल्या वस्तीला अवश्य द्यावेत. आणि जिला असा रविवारच मिळत नाही, तिच्या मागणीमागेही उभे राहावे. ही दोन कामे वेगळी नाहीत.