स्पीकरची घरघर आणि तोडलेली पिन

टीव्ही ॲम्प्लिफायरला जोडला, की गाणे सुरू होण्याआधीच स्पीकरमधून संथ घरघर ऐकू येते. यावर आपल्याकडे एक उपाय सर्रास केला जातो. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन तोडून टाकायची. घरघर अनेकदा थांबतेही. पण मूळ दोष तसाच राहतो, जाते ते संरक्षण.

ही पिन लांब असते, ती अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि शेवटी सुटावे म्हणून. ॲम्प्लिफायरमधील फेजची तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर वीज या वाटेने निघून जाते आणि फ्यूज उडतो. पिनच नसेल, तर पेटीवर २३० व्होल्टचा दाब तसाच राहतो आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो.

घरघर येते ती बहुधा दुहेरी जोडणीतून. टीव्ही एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो आणि ऑडिओ वायरीच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. ॲम्प्लिफायर तोही इमानदारीने मोठा करतो! केबल टीव्हीची तार बाहेरून स्वतःचे अर्थिंग घेऊन येते, म्हणून पहिला संशय तिच्यावर घ्यावा. ती काढताच आवाज थांबला, तर त्या तारेवर आयसोलेटर बसवावा. नाहीतर सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घेऊन पाहावे, लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. सगळ्या ऑडिओ वायरी काढूनही घरघर राहिली, तर दोष बहुधा ॲम्प्लिफायरमध्येच आहे; तो दुरुस्तीला द्यावा.

खरी काळजी वेगळीच आहे. जुन्या घरांत अर्थिंगची तारच नसते, तेव्हा काही वायरमन सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून मोकळे होतात. साध्या टेस्टरला हे कळत नाही, तो फक्त फेज दाखवतो. अशा घरात घरघर तर होतेच, शिवाय मागे कुठे न्यूट्रल तुटला तर चालू उपकरणांमधून फेजचा दाब थेट फ्रिज, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तरी ही जोडणी कायम असेपर्यंत तो पूर्ण भरवशाचा नाही. पेटीला टेकलेली फेजची वीज न्यूट्रलमधूनच परत जाते, आरसीसीबीला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहात फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. त्यामुळे आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट उघडून ही जोडणी काढून घ्यावी, खरे अर्थिंग ओढून घ्यावे आणि मग आरसीसीबी बसवावा.