मोडलेली चोब

तंबूचे कापड फाटले तर शिंपी शिवून देतो. चेन गेली तर बॅगवाला बदलून देतो. मेख वाकली तर दगडावर ठोकून सरळ होते. काठी मोडली की मात्र दुकानदार एकच सल्ला देतो, "सर, आता नवीनच घ्या." आमच्याकडे केळीच्या घडाला बांबूचा टेकू देतात. टेकू मोडला म्हणून बाग उपटणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या जळगावच्या शाळेच्या स्काउट पथकाकडे दोन-दोन मुलांचे तीन हलके तंबू आहेत. गेल्या हिवाळ्यात धुळ्याजवळ लळिंगच्या पायथ्याशी मुक्काम होता. रात्री वारा सुटला आणि एका तंबूची अॅल्युमिनियमची काठी कमानीच्या माथ्यावर तुटली. सकाळी धुळ्यात एका सायकलवाल्याने चाकाच्या तीन जुन्या तारा दिल्या. त्या तुटक्या जागेच्या बाजूंनी लावल्या, वरून चिकटपट्टीचे घट्ट वेढे दिले आणि दुसरी रात्र निभावली. परत आल्यावर कंपनीला फोन केला. उत्तर आले, काठी सुटी विकत नाही.

सात हजारांचा तंबू, कापड नव्यासारखे, शिलाई शाबूत, आणि वीतभर नळीसाठी तो भंगारात घालायचा!

ही काठी असते साधी. हातभर लांबीच्या पोकळ नळ्या, एकीचे तोंड दुसरीत बसते, आणि आतून आरपार इलॅस्टिकची दोरी ओवलेली. नळी बहुधा जोडाजवळच फुटते, कारण वाकण्याचा सगळा जोर तिथेच येतो. मुलांना घाई असते, नळी पुरती आत बसवत नाहीत, अर्ध्या बसलेल्या तोंडावर कमान ताणली की कड चिरते. घडी घालतानाही टोकाकडून सुरुवात केली तर दोरी एकाच बाजूला ताणली जाते. मधून दुमडत गेले की ताण सारखा राहतो.

ती काठी मी आमच्या मोहल्ल्यातल्या एका लेथवाल्याकडे नेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. तंबू त्यांनी आयुष्यात उभा केलेला नाही. पण व्हर्नियर लावून नळीची जाडी मोजली आणि म्हणाले, "सर, वेल्डिंग कुणी सांगितलं तर करू नका. ही नळी कडक केलेली आहे. आग लागली की नरम पडेल, मग शेजारीच तुटेल." खिडकीच्या पडद्याची नळीही चालणार नाही म्हणाले. ती वाकते आणि वाकलेलीच राहते, परत सरळ होत नाही.

मग मार्ग दोन. फुटलेल्या जागेवर बाहेरून चार बोटे लांब नळीचा तुकडा चढवायचा, तो घट्ट बसला पाहिजे, दोन्ही टोके पट्टीने बांधायची. हे तात्पुरते. कायमचे करायचे तर तेवढी नळीच बदलायची, आणि तिच्यासाठी उत्तम खाण म्हणजे मेलेला तंबू. एका ट्रेकिंगवाल्या मित्राकडे कापड सडलेला जुना तंबू पडून होता, त्याची काठी सुदैवाने त्याच जाडीची निघाली. उस्तादांनी जुन्या नळीला नवी लावून लांबी मोजली, हॅक्सॉने कापली, आतून-बाहेरून कानस फिरवली. टोकाची गाठ सोडून दोरी ओढली, नळी ओवली, पुन्हा गाठ मारली. अर्धा तास. लांबीत तडजोड करू दिली नाही. आखूड झाली तर कापड ढिले पडते, लांब झाली तर शिवण उसवते. पैसे घ्यायला तयार नव्हते, बळजबरीने शंभराची नोट ठेवली.

उस्तादांचा मुलगा आमच्याच शाळेत आहे. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात तो 'बिझनेस' लिहितो.

ही एका मुलाची गोष्ट नाही. सच्चर समितीच्या 2006च्या अहवालानुसार मुस्लिम कामगारांपैकी सुमारे 61 टक्के स्वयंरोजगारात होते. म्हणजे आपले बहुसंख्य लोक असेच काही ना काही करतात: गॅरेज, लेथ, वेल्डिंग, शिलाई, धुळ्यात यंत्रमाग. सीरतच्या जलशांत आपण आवर्जून सांगतो की पैगंबर साहेब आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत, कपड्याला ठिगळ लावत. तेच ऐकून घरी आलेला माणूस मुलीच्या स्थळात मेकॅनिक आला की तोंड वाकडे करतो. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला आम्ही शिक्षकही सर्रास बजावतो, "शिकला नाहीस तर गॅरेजात जावं लागेल." त्या वाक्यात गॅरेज म्हणजे शिक्षा असते.

आणि आम्ही बी.एड. झालेले! वर्ध्याची 1937ची परिषद, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती, हस्तव्यवसायातून शिक्षण, हे सगळे परीक्षेत लिहून आलेले. आता 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत, त्यात सुतार, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून शिकायचे आहे. या दिवसांची सहल आणि सेल्फी होऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे. एक दिवस उस्तादांना वर्गात बोलवा, टेबलावर मोडकी काठी ठेवा. व्यास, लांबी, धातू, ताण, सगळे विज्ञान त्यात आहे.

भाषाही आहे. उर्दूत तंबूच्या खांबाला चोब म्हणतात. हा फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ लाकूड, काठी. चोब धरणारा तो चोबदार, आणि आषाढीच्या वारीत दंड उंचावून दिंड्यांना शांत करतो तो चोपदार. तंबूची दोरी उर्दूत तनाब, मराठीत तणावा. मेख तर दोन्हीकडे मेखच. माझ्या दोन्ही विषयांचा तास एका मोडक्या तंबूत होऊन जातो.

कंपन्यांबद्दलही बोलले पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे आधी घेतली. तंबूचे नाव तिथे नाही, आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागापुढे ते लहानच आहे. पण पिशवीवर काठीची जाडी आणि लांबी छापायला कंपनीला काय खर्च येतो? सुटी नळी विकायला काय अडचण? ग्राहकाने खरेदीआधीच काउंटरवर विचारावे: काठी मोडली तर सुटी मिळेल का? दहा जणांनी विचारले तर दुकानदार वर कळवेल.

आमच्या तिसऱ्या तंबूची काठी फायबरची आहे, आणि तीही आता टोकाशी उभी चिरली आहे. तिला हात लावला की बारीक कुसळे बोटांत घुसतात, म्हणून ती कापडात गुंडाळून स्टाफरूमच्या कपाटावर ठेवली आहे. उस्ताद म्हणतात, ही कापता येईल, पण हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधून. सातवीच्या दप्तराविना दिवसासाठी त्यांनी शनिवार दिला आहे. शुक्रवारी दुकान बंद असते, पण जुम्याची गडबड असते म्हणाले.